स्वतः काढलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे रंग कोणत्या क्रमाने ठरवावेत

स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकांची मुखपृष्ठं बहुतेक वेळा एकाच रीतीने बिघडतात. मोबाइलवर एखादं चित्र आवडतं, त्यावर मावेल तिथे शीर्षक बसवलं जातं, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मस्त’ येतं आणि फाइल प्रेसला जाते. गठ्ठे घरी आले की केशरी विटकरी झालेला असतो, निळा जांभळा झालेला असतो आणि शीर्षक हातभर अंतरावरून वाचता येत नाही. मग बोल लागतो प्रेसवाल्याला. त्याने बहुधा फाइलमध्ये होतं तेच छापलेलं असतं.

चूक रंगाच्या आवडीत क्वचितच असते, ती क्रमात असते. छपाई कशी होणार हे आधी कळायला हवं. मग शीर्षक आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेड-अंधार, मग रंग, मग त्या रंगांचे शाईचे आकडे आणि शेवटी कागदावरचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना. खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: एसटीतून निवृत्त झालेल्या वाहकाच्या आठवणी, डेमी आकार, १८४ पानं, ३०० प्रती, शिवाय किंडल आवृत्ती. पुस्तक काल्पनिक आहे, पण असं हस्तलिखित तुमच्या ओळखीत कुणाकडे तरी असेलच.

## १. आधी प्रेसला पाच प्रश्न

डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी छापणाऱ्याला फोन करा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.

मुखपृष्ठ ऑफसेटवर (प्लेट बनवून) होणार की डिजिटलवर (थेट फाइलवरून)? ३०० प्रतींना बरेच जण डिजिटल सुचवतात. प्रती हजाराच्या घरात असतील तर ऑफसेट. डिजिटलवर मोठ्या सपाट गडद भागात कधीकधी पट्टे दिसतात, त्यामुळे तिथे थोडा पोत असलेली पार्श्वभूमी सुरक्षित.

कागद कोणता? साध्या बांधणीला २५० ते ३०० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) आर्ट कार्ड, म्हणजे गुळगुळीत जाड कागद, चालतं. पोताचा, कोटिंग नसलेला कागद घेतलात तर शाई आत शोषली जाते आणि सगळे रंग एक पायरी उतरतात.

लॅमिनेशन ग्लॉस की मॅट? हा प्रश्न लोक शेवटी विचारतात आणि तिथेच फसतात. ग्लॉसमुळे रंग गडद आणि चकचकीत दिसतात. मॅटमुळे ते किंचित धुरकट होतात, काळा तर राखट दिसू शकतो. शिवाय गडद रंगावरचं मॅट गठ्ठ्यात घासलं की पांढरट ओरखडे उमटतात. गडद निळं किंवा काळं मुखपृष्ठ मॅटमध्ये हवंच असेल, तर प्रेसकडचं तसं एखादं जुनं पुस्तक मागून घ्या, नखाने हलकेच घासून बघा आणि मग ठरवा.

फाइल कोणत्या कलर प्रोफाइलमध्ये (रंग कागदावर कसे उतरतील हे ठरवणारी फाइलमधली नोंद) हवी, आणि एकूण शाईची मर्यादा किती? आर्ट कार्डावर साधारण ३०० टक्के धरून चालायला हरकत नाही. सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज त्यापुढे गेली तर शाई वेळेत वाळत नाही, वरच्या शीटच्या पाठीला डाग लागतात, लॅमिनेशन नीट धरत नाही.

तुमचं मुखपृष्ठ स्वतंत्र छापणार की इतर कामांबरोबर एकाच शीटवर? एकत्र छापणं स्वस्त पडतं, पण शेजारच्या कामाला लाल जास्त लागला तर तुमच्याही मुखपृष्ठावर लाल चढतो. नेमकी छटा महत्त्वाची असेल तर थोडे पैसे जास्त मोजा.

तपासा: कण्याची (पुस्तकाच्या बांधलेल्या कडेची) रुंदी प्रेसकडूनच घेतली का? आतल्या पानांना ७० जीएसएम मॅपलिथो कागद असेल तर १८४ पानांचा कणा सुमारे ८ मिलिमीटर होतो, पण कागद बदलला की तो बदलतो.

## २. रंग हस्तलिखितातून वेचा, मग दुकानात जाऊन पारखा

‘आठवणी म्हणजे तपकिरी जुनाट रंग’ असं ठरवून टाकू नका. हस्तलिखितात प्रत्यक्ष आलेल्या वस्तूंची यादी करा. आपल्या वाहकाच्या पुस्तकात काय सापडेल? एसटीचा लाल, गणवेशाचा खाकी, तिकिटांचा पातळ मळकट कागद, पावसाळ्यातला घाट, रात्रीच्या स्थानकातली ट्यूबलाइट. यातले पहिले तीन पुरेत. ते वाचकाच्या ओळखीचे आहेत आणि दुसऱ्या कुणाच्या आठवणींच्या पुस्तकाला तसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत.

आता घराबाहेर पडा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात, नाहीतर जवळच्या ग्रंथप्रदर्शनात किंवा साहित्य संमेलनाच्या स्टॉलवर. तुमच्या प्रकारची पुस्तकं मांडलेल्या टेबलापासून चार पावलं मागे उभे राहा. कोणतं पुस्तक आधी दिसतं? पाच आत्मचरित्रं सेपियात (जुन्या फोटोंच्या तपकिरीत) असतील तर सहावं त्यातच बुडणार. रहस्यकथांच्या ढिगात काळा-लाल इतका असतो की फिकट पिवळं मुखपृष्ठ उठून दिसतं. मात्र फार दूरही जाऊ नका. भयकथेला बडबडगीतांचे रंग दिले तर ते पुस्तक मुलांच्या टेबलावर जाऊन पडतं.

आणखी एक गोष्ट डिझाइनच्या परदेशी लेखांत सापडणार नाही. महाराष्ट्रात सपाट भगवा, सपाट निळा, सपाट हिरवा आणि लाल हे नुसते रंग राहत नाहीत. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं पाहिली की पुष्कळ वाचकांना आंबेडकरी चळवळ आठवते, भगव्यावर काळी अक्षरं पाहिली की आणखी काही. पुस्तकाचा विषयच तो असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर निळ्यात थोडा हिरवट किंवा राखाडी अंश आणा, नाहीतर त्याच्या जोडीला असा रंग ठेवा की अर्थ वेगळा लागेल. ‘मला तर फक्त समुद्र दाखवायचा होता’ हे प्रकाशन समारंभात समजावत बसणं कुणाला हवंय?

सावध: ज्योतिषाचा शुभ रंग, मुलीचा आवडता रंग, प्रायोजकाच्या लोगोचा रंग या तीन मागण्या हमखास येतात. त्या मलपृष्ठावर नाहीतर आतल्या पानांत भागवा.

## ३. रंगाआधी राखाडीत मांडणी

या टप्प्यावर घाई करू नका. शीर्षक वाचता येणं हे रंगछटेपेक्षा उजेड-अंधारावर जास्त अवलंबून असतं. लाल आणि हिरवा डोळ्याला कितीही वेगळे वाटले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर अक्षरं पार्श्वभूमीत विरतात. ज्यांना लाल-हिरव्यात फरक करणं कठीण जातं अशा वाचकांना तर काहीच दिसत नाही, आणि असे लोक, विशेषतः पुरुषांमध्ये, वाटतात तितके कमी नसतात.

करायचं असं:

१) शीर्षक, लेखकाचं नाव आणि मुख्य चित्र यांची मांडणी फक्त काळा, पांढरा आणि एक मधला राखाडी यांत करा.

२) कोणता भाग गडद, कोणता मध्यम, कोणता फिकट हे पक्कं करा. शीर्षक आणि त्याच्यामागची जागा यांच्यात किमान दोन पायऱ्यांचं अंतर ठेवा.

३) मग रंग भरा, आणि प्रत्येक बदलानंतर परत राखाडीत बघा.

आपल्या उदाहरणात हे करून पाहिलं की गंमत होते. खाकी पार्श्वभूमीवर एसटीच्या लाल रंगात शीर्षक ही कल्पना ऐकायला झकास आहे. पण राखाडीत ते दोन्ही जवळजवळ एकाच छटेवर येतात. वाचनीयतेसाठी मोठ्या अक्षरांना किमान ३ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर) धरतात, तो मोजून देणारी फुकटची साधनं इंटरनेटवर आहेत. इथे तो २ : १ देखील भरत नाही. म्हणून उलटापालट करायची: लाल मोठ्या जागेवर, शीर्षक तिकिटाच्या मळकट क्रीममध्ये आणि खाकी फक्त खालच्या पट्टीला. क्रीम-लाल जोडीचा कॉन्ट्रास्ट ४ : १ च्या पुढे जातो.

सावध: फोटोशॉपमध्ये ‘डीसॅच्युरेट’ करून ही तपासणी करू नका. त्यात शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा एकसारखे राखाडी होतात, डोळ्याला तसे दिसत नाहीत. फाइलची एक प्रत काढा आणि ती ग्रेस्केल मोडमध्ये बदला. मोबाइलवर असाल तर फोटोचा मोनो फिल्टर चालेल.

तपासा: मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ते न उघडता, चॅटमधल्या छोट्या चौकोनात शीर्षक वाचता आलं पाहिजे. लेखकाचं नाव नाही आलं तरी चालेल.

## ४. तीनच रंग, आणि त्यांची वाटणी

एक रंग बहुतांश जागेला, एक त्याला आधार म्हणून, एक शीर्षकाला. चौथा हवासा वाटला तर आधी विचारा, तो कोणतं काम करतोय? ‘मोकळं वाटत होतं’ हे उत्तर असेल तर नको.

छायाचित्र वापरणार असाल तर तेच आपले रंग घेऊन येतं. तेव्हा शीर्षकाचा रंग फोटोतूनच उचला, बाहेरून आणू नका. आणि फोटोवर अक्षरं वाचत नाहीत म्हणून पांढऱ्या अक्षरांना काळी कड, तिच्याबाहेर सावली, त्यावर चमक असे थर चढवू नका. फोटोचा तेवढा भाग गडद करा किंवा शीर्षकाला सपाट पट्टी द्या. कड, सावली आणि चमक तिन्ही एकत्र असलेलं शीर्षक म्हणजे फ्लेक्स. तो चौकातच शोभतो.

## ५. रंग आकड्यांत लिहा

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. पडद्यावरचे झगझगीत केशरी, पोपटी, विजेसारखा निळा, गर्द जांभळा हे चार शायांत येतच नाहीत. त्यामुळे ‘फाइलमध्ये तर छान होता’ या वाक्याला प्रेसमध्ये काही अर्थ नाही. सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा यांचे टक्के लिहून ठेवा.

कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनात काम आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा प्रकाशाच्या पद्धतीत) चालतं. सीएमवायके (म्हणजे वरच्या चार शायांची) पीडीएफ उतरवायची सोय सशुल्क योजनेत आहे. ती नसेल तर शेवटची फाइल कोरलड्रॉ किंवा इनडिझाइन येणाऱ्या कुणाकडून बदलून घ्या. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबलं की छपाईतला अंदाज दिसतो आणि कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की छपाईच्या आवाक्याबाहेरच्या जागा राखाडी होतात. हे दोन्ही पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्या पुस्तकाचे आकडे असे ठेवता येतील:

- लाल: मॅजेंटा १००, पिवळा ९०, काळा ५, सायन शून्य
- खाकी: मॅजेंटा २०, पिवळा ५०, काळा ३५, सायन शून्य
- क्रीम: फक्त पिवळा १५

खाकीत सायन का नाही? तपकिरी-राखाडी छटा सायन, मॅजेंटा आणि पिवळा यांच्या मिश्रणातून केल्या, की मशीनवर एखादी शाई जराशी कमीजास्त होताच त्या हिरवट नाहीतर गुलाबट होतात. सायनचं काम काळ्याला दिलं की छटा स्थिर राहते. अशा मातकट रंगांना हाच उपाय.

बाकी नेहमीचे घोटाळे:

निळ्याचा जांभळा होणं. सायन आणि मॅजेंटा दोन्ही १०० ठेवले की निळा जांभळ्याकडे झुकतो. मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० टक्के कमी ठेवा.

केशरी मळणं. आरजीबीतून आपोआप बदल होताना केशरीत कधीकधी सायन किंवा काळ्याचे दोन-पाच टक्के घुसतात. ते हाताने शून्य करा. मॅजेंटा ५५ ते ६० आणि पिवळा १०० एवढंच ठेवलं तर चार शायांत मिळेल तेवढा स्वच्छ केशरी मिळतो.

काळा फिका दिसणं. मोठ्या जागेला नुसता काळा १०० दिला तर तो गडद राखाडीसारखा दिसतो. सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० द्या. बेरीज २४० होते, मर्यादेच्या आत. पण बारीक मजकुराला हा काळा कधीही देऊ नका, तिथे नुसता काळा १०० हवा.

सोनेरी. पडद्यावरचा सोनेरी ग्रेडियंट छापल्यावर मोहरीच्या रंगाचा होतो. खरा सोनेरी हवा तर फॉइल किंवा वेगळी धातुई शाई, म्हणजे वेगळा खर्च. ३०० प्रतींना मी तरी सुचवणार नाही.

## ६. देवनागरी अक्षरांची खास काळजी

रंग निवडताना लोक अक्षरांचा नुसता ठसा पाहतात, पण पहिला घात बारीक भागांवर होतो. शिरोरेषेवरचा रफार, अनुस्वार, वेलांटीचं टोक, खालचा उकार. गडद चौरंगी पार्श्वभूमीतून पांढरी अक्षरं काढली आणि एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली, की हे भाग भरून जातात. अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक रेघ तर उरतच नाही. ‘वर्षा’चा रफार गेला की ‘वषा’ राहतो, आणि तेही शीर्षकात.

म्हणून पांढऱ्या किंवा फिकट अक्षरांना जाड वजनाचा फॉन्ट घ्या. बारीक टोकांचे सुलेखनी फॉन्ट फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरांत वापरा. मलपृष्ठावरचा मजकूर तपकिरी, जांभळा अशा तीन शायांच्या रंगात ठेवू नका. एका शाईचा किंवा फार तर दोन शायांचा रंग घ्या. आपल्या मुखपृष्ठावर क्रीम अक्षरांच्या जागी मॅजेंटा पूर्ण मोकळा आहे आणि पिवळा किंचित सरकला तरी डोळ्याला कळत नाही. त्या जोडीचा हा दुसरा फायदा.

तपासा: फाइल पाठवताना फॉन्ट कर्व्हमध्ये (अक्षरांच्या जागी त्यांचे नुसते आकार) बदलले का? श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर ते नसलेल्या संगणकावर उघडला की अक्षरांचा कसा गोंधळ होतो हे सांगायला नको. कर्व्ह केल्यावर प्रत्येक जोडाक्षर पुन्हा वाचा.

## ७. कणा आणि मलपृष्ठ

पुस्तक आयुष्यभर कपाटात कण्यावरच दिसतं, तरी त्याचा विचार शेवटी होतो. बांधणीत कणा एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. मुखपृष्ठ लाल, कणा खाकी आणि दोघांची सीमा बरोबर घडीवर, असं केलं तर अर्ध्या प्रतींवर खाकीची कड पुढे येईल. ८ मिलिमीटरच्या कण्याला वेगळा रंग देऊच नका. मुखपृष्ठाचाच रंग कण्यावरून मलपृष्ठावर जाऊ द्या. वेगळा हवाच असेल तर तो दोन्ही बाजूंना मुद्दाम सेंटिमीटरभर पसरवा, म्हणजे ते ठरवून केल्यासारखं दिसेल.

लाल कण्याची एक खोड माहीत असू द्या. मॅजेंटा आणि पिवळ्या शाया उन्हात आधी उडतात, त्यामुळे खिडकीजवळच्या कपाटात लाल कणे फिके पडतात. नाव क्रीममध्ये असेल तर काही वर्षांनी वाचायला जड जाईल. कण्यावर नावामागे गडद पट्टी, तीही दोन्ही बाजूंना थोडी पसरवून, दिली तर हा धोका टळतो.

मलपृष्ठावर आयएसबीएनच्या बारकोडसाठी पांढरा चौकोन सोडा. मूळ आकार सुमारे ३७ × २६ मिलिमीटर. रेघा काळ्याच हव्यात. रंगसंगती जुळवायला लाल रेघा काढल्या तर स्कॅनरच्या लाल प्रकाशात त्या पांढऱ्यात विरतात आणि दुकानदाराला आकडे हाताने टाइप करावे लागतात.

लेखकाचा कृष्णधवल फोटो खरोखर ग्रेस्केल करून नुसत्या काळ्या शाईत ठेवा. चार शायांत गेला तर चेहरा हिरवट किंवा गुलाबी येतो.

तपासा: कापाच्या बाहेर चारही बाजूंना ३ मिलिमीटर रंग वाढवला आहे का? गडद पार्श्वभूमीला तो नसेल तर कडेला पांढरी रेघ येणारच.

## ८. प्रूफ: कुठे आणि कसं पाहायचं

मोबाइलवर आलेली पीडीएफ म्हणजे प्रूफ नव्हे. ती शुद्धलेखनासाठी बघा, रंगासाठी नाही. डोळ्यांना आराम देणारा रात्रीचा मोड चालू असेल तर सगळं पिवळट दिसतं आणि तुम्ही नको तिथे निळा वाढवायला सांगता.

ज्या कागदावर छपाई होणार त्याच कागदावर, लॅमिनेशन करून प्रूफ मागा. काम डिजिटलवर असेल तर त्याच मशीनची एक प्रत निघू शकते. ऑफसेटला पहिल्या काही शीट निघताना प्रेसमध्ये स्वतः हजर राहणं उत्तम. हे प्रूफ दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी पाहा आणि मग घरातल्या पिवळ्या दिव्याखाली. दोन्हीकडे चाललं तर पास. घडी घालून बघा, कण्यावर शाई तडकून कागद पांढरा दिसतोय का?

बदल सांगताना ‘जरा उठाव द्या’ असं म्हणू नका. ऑपरेटर त्याला समजेल ते करतो. ‘खाकी हिरवट येतोय, सायन कुठून आला बघा’ किंवा ‘लाल काळपट झालाय, काळा कमी करा’ असं नेमकं सांगा. पसंत पडलेल्या प्रूफच्या दोन प्रतींवर तारीख घालून सही करा, एक प्रेसला द्या आणि एक स्वतःकडे ठेवा.

सावध: प्रूफ पाहताना पाच जणांना बोलावू नका. या टप्प्यावर प्रत्येक जण नवा रंग सुचवतो आणि तुम्ही पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर जाता.

## ९. ई-बुकची फाइल वेगळी

छपाईची सीएमवायके फाइल परत आरजीबीत बदलून किंडलवर चढवू नका. रंग एकदा गेले की परत येत नाहीत. मूळ आरजीबी फाइल पहिल्यापासून जपा आणि तिच्यातूनच फक्त दर्शनी बाजू काढा: उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल, एसआरजीबी (पडद्यासाठीचं नेहमीचं कलर प्रोफाइल). इथे लाल थोडा झगझगीत ठेवलात तरी चालेल. पार्श्वभूमी पांढरी असेल तर भोवती तीन-चार पिक्सेलची राखाडी कड द्या, नाहीतर पानाच्या पांढऱ्यात मुखपृष्ठाची हद्दच दिसत नाही. बऱ्याच किंडल यंत्रांवर ते राखाडीतच दिसणार, पण तिसऱ्या टप्प्यावर ते काम झालेलं आहे.

शेवटी एका फोल्डरमध्ये चार गोष्टी ठेवा: मूळ आरजीबी फाइल, प्रेसला दिलेली पीडीएफ, शाईच्या आकड्यांची यादी आणि कागद-लॅमिनेशनचा तपशील. सही केलेलं प्रूफ उन्हापासून दूर, पाकिटात ठेवा. दुसरी आवृत्ती वेगळ्या प्रेसमध्ये काढायची वेळ आली, तर तिथे जुळवायला हेच प्रूफ द्या. दुकानातून परत आलेली, ऊन लागलेली प्रत देऊ नका.